सही करण्याआधी : मुलांचं प्रगती पुस्तक कसं वाचायचं आणि शाळेकडे काय मागायचं



गटाच्या बैठकीत मी एक गोष्ट नेहमी बघते. हिशोब मोठ्याने वाचून झाल्याशिवाय कोणी इतिवृत्तावर सही करत नाही. दहा रुपयांचा दंड चुकून दुसरीच्या नावावर पडला तरी लगेच आवाज येतो, "थांबा ताई, परत वाचा." पासबुकातली बचत, कर्जाचा हप्ता, राहिलेलं मुद्दल, सगळं सगळ्यांना तोंडपाठ असतं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यासुद्धा बरोबर सांगतात.

पण याच ताईंना मी विचारलं, "मुलीच्या प्रगती पुस्तकात मागच्या वेळी काय लिहिलं होतं?" तर बैठक गप्प. एक ताई म्हणाल्या, "शेतावर निघाले होते. ती दारात पुस्तक घेऊन उभी, म्हणाली सही कर. केली." दुसऱ्या म्हणाल्या, "त्यात काय कळतंय? अ आणि ब. पास आहे ना, बास."

हे मी दोष द्यायला लिहीत नाहीये. वाचून काही कळतच नसेल तर माणूस का वाचेल? पण न वाचल्याने काय होऊ शकतं ते मी यंदाच्या मे महिन्यात जवळून बघितलं. म्हणून हा लेख.

पाचवीच्या निकालाचा धक्का

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी पाचवीत होती. निकाल लागला आणि कळलं की ती गणितात नापास आहे, पुनर्परीक्षा द्यावी लागेल. ताईंचा विश्वासच बसेना. घरात बाजारचा हिशोब हीच पोरगी करते. दीडशे रुपये किलोची मिरची अडीचशे ग्रॅम घेतली तर किती झाले, हे ती तोंडी सांगते. चौथीच्या प्रगती पुस्तकात मराठी आणि गणित दोन्हींत ब-२ होतं. ताई मला म्हणाल्या, "म्हणजे बाईंनी आधी खोटं लिहिलं, का आता खोटं लिहिलंय?"

आम्ही दोघी शाळेत गेलो. बाईंनी नीट बसवून घेतलं आणि चौथीची नोंदवही काढून दाखवली. मराठीत आकारिक मूल्यमापनात ६० पैकी ४७ गुण आणि संकलित मूल्यमापनात ४० पैकी १५. बेरीज ६२. बासष्टला श्रेणी ब-२. हिशोब अगदी बरोबर होता. कोणी खोटं लिहिलं नव्हतं. पण ४० पैकी १५ ही गोष्ट त्या ब-२ च्या पोटात लपून गेली होती.

मग बाईंनी मुलीला गणिताच्या पुस्तकातलं एक शाब्दिक उदाहरण वाचायला दिलं. ती दुसऱ्याच ओळीत अडकली. जोडाक्षर आलं की थांबायची आणि अंदाजाने भलताच शब्द म्हणायची. तेच उदाहरण बाईंनी वाचून दाखवलं, तर तिने लगेच सोडवलं. म्हणजे गणित तिला येत होतं. प्रश्न वाचता येत नव्हता. आणि चौथीच्या प्रगती पुस्तकात 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात तीन शब्द होते, 'वाचनाचा सराव आवश्यक'. त्याच्याच खाली ताईंची सही होती.

श्रेणी कशी तयार होते?

आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्याचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० चा. नाव मोठं आहे, पण अर्थ साधा आहे. मुलाला एकाच परीक्षेवर तोलायचं नाही, वर्षभर बघत राहायचं. त्याचे दोन भाग असतात.

पहिला भाग आकारिक. रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, वर्गातलं काम आणि स्वाध्याय, हे सगळं त्यात येतं.

दुसरा भाग संकलित. सत्र संपल्यावर तोंडी आणि लेखी मिळून जी परीक्षा होते ती.

पहिली-दुसरीला आकारिकला ७० गुण आणि संकलितला ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पुढे वर्ग वाढेल तसा संकलितचा वाटा वाढत जातो. दोन्हींची बेरीज करून श्रेणी देतात. ती अशी :

अ-१ : ९१ ते १००
अ-२ : ८१ ते ९०
ब-१ : ७१ ते ८०
ब-२ : ६१ ते ७०
क-१ : ५१ ते ६०
क-२ : ४१ ते ५०
ड : ३३ ते ४०
इ-१ : २१ ते ३२
इ-२ : २० आणि त्याखाली

ही पद्धत वाईट नाही. उलट जे मूल परीक्षेच्या दिवशी आजारी पडतं किंवा घाबरतं, त्याचं वर्षभराचं काम वाया जात नाही. जे मूल चित्र काढतं, प्रयोग मन लावून करतं, त्याची नोंद होते. पण श्रेणी ही बेरीज आहे, हे आपण लक्षात ठेवायचं. गटाच्या खात्यावर एकूण शिल्लक किती हे कळलं, म्हणून कोणाचा हप्ता थकलाय ते कळतं का? त्यासाठी आतलं पान उघडावं लागतं. श्रेणीचंही तसंच. मुलीने प्रकल्प छान केला, वही नीटनेटकी ठेवली, वर्गात उत्तरं दिली, तर ब-२ येऊ शकतो आणि तरी तिला सलग वाचता येत नसेल.

आधी हे चालून जायचं, कारण आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवत नव्हते. आता नियम बदलला आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि आपल्या राज्यात २०२३-२४ या वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घेतात. त्यातही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहतं. म्हणून चौथीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते पाचवीच्या निकालाआधी कळलं पाहिजे. मुलीच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी जड आहे. एक वर्ष मागे राहिली की घरात कोणीतरी म्हणतंच, "राहू दे आता, घरी मदत होईल."

पुस्तक हातात आलं की काय बघायचं?

श्रेणी शेवटी बघा. आधी या तीन जागा बघा.

एक, हजेरी. शाळा किती दिवस भरली आणि आपलं मूल किती दिवस गेलं. कापूस वेचणीच्या किंवा कांदा लागणीच्या दिवसांत पोरं घरी राहतात. आपल्याला वाटतं चार-पाच दिवस असतील. आकडा बघितला की खरं कळतं.

दोन, वर्णनात्मक नोंदी. प्रगती पुस्तकात 'विशेष प्रगती', 'आवड-छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' अशा नोंदी असतात. खरी माहिती इथे असते. 'सुधारणा आवश्यक'मध्ये जे लिहिलंय ते कोणाकडून तरी वाचून घ्या आणि मागच्या सत्राच्या नोंदीशी ताडून बघा. दोन्ही वेळा तेच शब्द असतील तर मधल्या सहा महिन्यांत फरक पडलेला नाही.

तीन, मराठी आणि गणित हे दोन विषय. या दोन्हींत श्रेणी खाली येत असेल तर बाकीच्या विषयांत आज ना उद्या येणारच. ड किंवा त्याखालची श्रेणी असेल तर शाळेने त्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं असतं. ते कधी आणि कोण देणार, हे विचारा.

घरी पडताळा कसा घ्यायचा?

कागदावर विश्वास बसायचा तर तो पडताळून बघता आला पाहिजे. आपण पासबुकावर विश्वास ठेवतो, कारण आपण भरलेले पैसे आपल्याला माहीत असतात. प्रगती पुस्तकाचा पडताळा घरी दहा मिनिटांत घेता येतो.

'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाचं सर्वेक्षण करते. गावात घरोघरी जाऊन एकेका मुलाजवळ बसून त्याला वाचायला देतात. आधी अक्षरं, मग सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात आधी अंक ओळखणं, मग हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. बस, एवढंच. पण एवढ्यातच मूल नेमकं कुठे आहे ते कळतं. आपणही तसंच करू शकतो.

वाचनासाठी मुलाचं चालू वर्षाचं पुस्तक घेऊ नका, मागच्या वर्षाचं घ्या. पहिला धडा नको, तो पाठ झालेला असतो. मधलं कुठलंही पान उघडा आणि अर्धं पान वाचायला सांगा.

इथे ताई मला म्हणतात, "मलाच वाचता येत नाही, तर ते बरोबर वाचतंय की चूक, मला कसं कळणार?" ताई, जात्यावरची ओवी म्हणताना कोणी अडखळलं तर ते कळायला अक्षर लागत नाही. कान लागतो. मूल सलग, बोलल्यासारखं वाचतंय, की एकेक अक्षर जोडत चाललंय, की मध्येच थांबून इकडे-तिकडे बघतंय, हे आईला बरोबर कळतं. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि विचारा, "सांग बरं, काय झालं त्यात?" सांगता आलं तर समजून वाचलंय. नाही आलं तर नुसते शब्द म्हटलेत. शंका वाटली तर गटाच्या लेखापाल ताईंना किंवा शेजारच्या कॉलेजला जाणाऱ्या पोरीला जवळ बसवा.

गणितासाठी आपलं गटाचं पासबुक काढा. चौथी-पाचवीच्या मुलाला विचारा, "कर्ज होतं ५,००० रुपये, १,३५० फेडले, किती राहिले?" हे तोंडी नको, कागदावर मांडून करायला सांगा. ३,६५० आले पाहिजेत. मग तेच उदाहरण कोणाकडून तरी तीन ओळींत लिहून घ्या आणि मुलाला वाचून सोडवायला द्या. तोंडी सांगितल्यावर येतं आणि लिहिलेलं येत नाही, असं झालं तर गणिताचं नाही, वाचनाचं दुखणं आहे. आमच्या त्या ताईंच्या मुलीचं तेच होतं.

एक गोष्ट हात जोडून सांगते. हा पडताळा म्हणजे घरची परीक्षा नाही. मूल अडलं म्हणून ओरडू नका, मारू नका, "बघ जावेची पोरगी कशी वाचते" असं तर अजिबात म्हणू नका. एकदा मार बसला की मूल प्रगती पुस्तक लपवायला शिकतं. मग सही दारात, घाईतच होणार.

शाळेकडे काय मागायचं?

आता दुसरी बाजू. सगळं ओझं आईवर टाकून चालणार नाही. प्रगती पुस्तक आईला वाचावंसं वाटेल असं असायला हवं. 'भाषिक कौशल्यात सुधारणा आवश्यक' हे वाक्य पदवीधर बाईलाही काही सांगत नाही. त्याऐवजी 'साधे शब्द वाचते, जोडाक्षरं आली की अडखळते, रोज एक पान मोठ्याने वाचून घ्यावं' असं लिहिलं तर आजीलासुद्धा कळेल. आपण शाळेला विनंती करायची की छापील पुस्तकाबरोबर प्रत्येक मुलासाठी चार ओळींची एक चिठ्ठी द्या :

१. आज मुलाला काय येतं.
२. मागच्या वेळेपेक्षा काय पुढे गेलं.
३. कुठे अडतंय, एका उदाहरणासकट.
४. शाळा काय करणार आणि घरी काय करायचं.

या चार ओळींत कुठेही अवघड शब्द नको. वर्गात कितवा नंबर, हेही नको. आपलं मूल स्वतःच्या कालच्या जागेवरून पुढे सरकलं का, एवढं पुरे.

दुसरी विनंती पालकसभेबद्दल. सगळ्यांची पुस्तकं एकदम वाटून सही घेण्यापेक्षा शिक्षकांनी प्रत्येक आईला पाच मिनिटं द्यावीत. मुलाने आईसमोर एक परिच्छेद वाचावा आणि मग पुस्तक उघडावं. डोळ्यांनी बघितलेलं आणि कागदावर लिहिलेलं जुळलं की विश्वास आपोआप बसतो. जुळलं नाही तर तिथल्या तिथे विचारता येतं. सभा सकाळी मजुरीच्या वेळेला नको, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी नको, हेही सांगायचं.

हे मागणं म्हणजे उपकार मागणं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं, हे त्यात आहे. त्याच कायद्यात कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. आपल्या गटातल्या कितीतरी ताई या समितीत आहेत. बैठकीत खिचडी आणि रंगरंगोटीवर बोलणं होतं, तेही हवंच. पण "आमच्या शाळेत तिसरीच्या किती मुलांना गोष्ट वाचता येते?" हा प्रश्नही त्याच बैठकीत विचारायचा आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'निपुण भारत' सुरू केलं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हेच त्याचं ध्येय आहे. म्हणजे आपला प्रश्न सरकारच्याच ध्येयातला आहे.

बोलताना मात्र शिक्षकांना आरोपी करू नका. एका बाईंकडे दोन-दोन वर्ग असतात, वर नोंदवह्या आणि ऑनलाइन माहिती भरायची असते. त्या दिवशी बाई आम्हाला म्हणाल्या, "ताई, तुम्ही चौथीतच येऊन विचारलं असतं ना, तर मला लिहायला हुरूप आला असता. आम्ही लिहितो ते कोणी वाचत नाही, मग आम्हीही तेच-तेच लिहितो." मला हे फार लागलं. आपण वाचत नाही म्हणून ते नीट लिहीत नाहीत, आणि ते नीट लिहीत नाहीत म्हणून आपण वाचत नाही. ही गाठ कोणीतरी एका बाजूने सोडायला हवी. आपण सोडू या.

गटाने काय करायचं?

आपल्या दशसूत्रीत बचत, कर्ज, परतफेडीबरोबर शिक्षणही आहे. इतिवृत्तात आपण तो मुद्दा लिहितो आणि पुढे जातो. यंदा त्याला काम देऊ. दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या सत्राची प्रगती पुस्तकं हातात येतील. त्यानंतरच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या मुलाचं पुस्तक आणायचं. ज्यांना वाचता येतं त्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवायचं. श्रेणी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची नाही, कोणाचं मूल कमी-जास्त ठरवायचं नाही. फक्त 'सुधारणा आवश्यक'मधली ओळ प्रत्येकीला समजली पाहिजे. त्यात न समजणारे शब्द एका कागदावर लिहायचे आणि तो कागद समितीतल्या ताईंनी शाळेत न्यायचा.

त्या पाचवीतल्या मुलीचं सांगायचं राहिलं. मे-जूनमध्ये लेखापाल ताईंची मुलगी तिच्याजवळ रोज संध्याकाळी अर्धा तास बसली. शाळेनेही जादा वर्ग घेतला. पुनर्परीक्षेत ती पास झाली, सहावीत गेली. वाचन अजून सलग झालेलं नाही, पण आता घरात सगळ्यांना माहीत आहे ती कुठे अडते. परवा ताई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आता मी तिला सांगितलंय, आधी वाचून दाखव, मग सही."

कापून ठेवा : पालकसभेत विचारायचे सहा प्रश्न

१. माझं मूल न अडखळता काय वाचू शकतं? माझ्यासमोर वाचायला सांगाल का?
२. आकारिक आणि संकलितमध्ये वेगवेगळे किती गुण आहेत?
३. मागच्या सत्रापेक्षा कशात पुढे गेलं, कशात मागे पडलं?
४. 'सुधारणा आवश्यक'मध्ये लिहिलंय त्याचा साध्या शब्दांत अर्थ काय?
५. त्यासाठी शाळा काय करणार, कोणत्या दिवशी, किती वेळ?
६. मी घरी रोज दहा मिनिटं काय करू, आणि परत कधी येऊन विचारू?